ई-करार नावातल्या फरकामुळे परत येतात. नेमकं कोणतं नाव धरायचं?

गटसचिव, दारव्हा
आमच्या सेवा सहकारी संस्थेचं खरिपाचं कर्जवाटप तोंडावर आहे आणि ई-हक्कवर (फेरफार अर्जांचं सरकारी पोर्टल) टाकलेले ई-करार, म्हणजे सभासदाच्या जमिनीवर कर्जाचा बोजा चढवायचे करार, 'खातेदाराचे नाव जुळत नाही' म्हणून परत येतात. आधारवर एक नाव, पासबुकावर दुसरं, सातबाऱ्यावर तिसरं. कर्जाचा अर्ज आधारप्रमाणे भरला जातो, म्हणून करारातही तेच नाव जातं. तिन्हीकडं सारखं करून आणा म्हटलं तर सभासदाची पेरणी निघून जाईल. कोणता फरक चालतो, कोणता नाही? प्रतिज्ञापत्र जोडून भागतं का?

जुना मोडी, मूर्तिजापूर
सातबाऱ्यावरचं नाव धरा. आधार आणि पासबुक माणूस ओळखायला आहेत, बोजा चढवायला नाहीत. फेरफार (सातबाऱ्यातल्या बदलाची नोंद) घेताना तलाठ्यासमोर (आता ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं) फक्त अधिकार अभिलेख, म्हणजे जमिनीच्या हक्कांची सरकारी नोंद, असतो. त्यात जो खातेदारच नाही त्याच्या नावाचा करार तो कुठं चढवणार?

म्हणून नाव हातानं टाइप करूच नका. आधी ८-अ (खातेदाराच्या गावातल्या सगळ्या जमिनीचा उतारा) काढा, खाते क्रमांक घ्या, त्यावरून खातेदार शोधा आणि यादीत दिसेल तसाच निवडा, चुकीसकट. तिथं 'पांडूरंग' असेल तर पांडूरंगच. शुद्धलेखन सुधारायची ती जागा नव्हे.

करारनाम्याचा मजकूर जुन्या नमुन्यावरून उचलत असाल तर आणखी एक भानगड. श्रीलिपी, कृतिदेवमधला मजकूर युनिकोडमध्ये आणला की रफार जागा सोडतो आणि 'धर्माजी'चा 'धमार्जी' होतो. घाईत वाचताना डोळा ते बरोबरच वाचतो. छापून, बोट ठेवून वाचलं की सापडतं.

खाते क्रमांकाचा खरा फायदा वेगळाच आहे. एका गावात एकाच नावाचे दोघं असतात, बापाचं नावही तेच. नावावरून गेलात तर बोजा भलत्याच्याच गटावर चढतो. त्यापेक्षा परत आलेला करार बरा. भलत्यावर चढला तर तो बिचारा तहसीलला खेटे घालतो आणि संस्थेचं कर्ज मात्र उघडं पडतं.

नमुना आठ-अ, आर्वी
वरच्याशी सहमत, पण आपल्याकडची अर्धी दुखणी जुन्या वऱ्हाडी-नागपुरी नोंदींतून आलेली आहेत. 'तुकाराम वल्द (मुलगा) गणपत', 'सखू जौजे (बायको) किसन', 'बेवा' (विधवा) अशा नोंदी, आडनाव नाही, कुठं आडनावाच्या जागी जात. संगणकावर पहिलं नाव, मधलं नाव, आडनाव असे तीन रकाने आले तेव्हा बापाचं नाव आडनावात जाऊन बसलं किंवा आडनाव कोरंच राहिलं. ह्रस्व-दीर्घाचा फरक यादीतून निवडल्यावर आपोआप मिटतो. आडनावच नसेल तर तो तसा मिटत नाही, कारण हाच तो माणूस हे कागदावरून कळत नाही.

करार भरण्याआधी नावाला चिकटलेला शेराही वाचा:

'अपाक', म्हणजे अज्ञान (अल्पवयीन) खातेदाराचा पालनकर्ता. पोरगा तीस वर्षांचा झाला तरी सातबाऱ्यावर 'अपाक आई' तसंच असतं. आधी जन्मतारखेचा पुरावा लावून शेरा कमी करून घ्या, मग करार.

'एकुमॅ', एकत्र कुटुंब मॅनेजर. नोंद थोरल्याच्या नावावर आणि कर्ज धाकट्याला, हे बसत नाही.

नावावर आडवी रेघ असेल तर ते नाव कमी झालेलं आहे. (जुन्या उताऱ्यात कंस असायचा.) मयत बापाच्या नावावर जमीन असेल तर वारस फेरफार झाल्याशिवाय लेकाचा करार टाकण्यात अर्थ नाही.

शेरा कमी करणं आणि वारस नोंद, दोन्ही अर्ज ई-हक्कवरच आहेत. मार्चमध्ये सभासदांचे सातबारे काढून हे चाळून ठेवलं तर जूनमध्ये धावपळ होत नाही.

आणि लेकीबाळी. बापाकडून आलेल्या जमिनीवर 'सुनंदा भाऊराव', आधारवर 'सुनंदा रमेश', आडनावही सासरचं. ही चूक नाहीच, दोन्ही नावं खरी. कराराच्या नावाच्या रकान्यात सातबाऱ्याचंच नाव. 'उर्फ' लावून दुसरं नाव फक्त करारनाम्याच्या मजकुरात लिहा आणि विवाह नोंदणीचा दाखला जोडा.

गटसचिव, दारव्हा
म्हणजे आधार सातबाऱ्याप्रमाणे करून आणायला सांगू का? ते लवकर होतं.

जुना मोडी, मूर्तिजापूर
नका सांगू. आधारवर नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं. तलाठी दप्तराच्या चुकीपायी त्यातलं एक कशाला घालवायचं? शिवाय आधार बदललं की पॅन, पासबुक, फार्मर आयडी सगळंच हलतं.

चूक कुठं झाली ते आधी शोधा, रस्ता त्यावरून ठरतो. हस्तलिखित सातबारा आणि मूळ फेरफाराची नक्कल काढा. तिथं नाव बरोबर आणि संगणकावर चुकलं असेल तर महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम १५५ खाली तहसीलदारांकडं अर्ज. हा लेखनप्रमाद, दोन्ही उतारे शेजारी ठेवले की दिसतो. खरेदीखतातच नाव चुकलं असेल तर १५५ चा उपयोग नाही. दुय्यम निबंधकाकडं चूक दुरुस्ती पत्र नोंदवायचं, त्यावर खरेदी देणाऱ्याचीही सही लागते, आणि मग फेरफार.

प्रतिज्ञापत्रानं अभिलेख बदलत नाही. किरकोळ फरकात माणूस एकच आहे हे दाखवायला ते पुरवणी म्हणून चालतं, बस. स्टॅम्पवर सगळं भागतं असं अर्जनवीस सांगतात ते ऐकू नका.

कर्ज विभाग, वर्धा
बँकेच्या बाजूनं थोडं. १ जानेवारी २०२५ पासून रिझर्व्ह बँकेनं विनातारण शेतीकर्जाची मर्यादा १ लाख ६० हजारांवरून २ लाख केली आहे. त्या मर्यादेत जमिनीच्या तारणासाठी अडून बसायचं कारण नाही. संस्थेचा इकरार (वरचा करार तो हाच) सहकार कायद्याच्या कलम ४८ खाली होतो, ती वेगळी गोष्ट.

हक्कलेख (मालकीची कागदपत्रं) बँकेकडं ठेवून गहाण असेल तर नोटीस ऑफ इंटिमेशन, म्हणजे त्या गहाणाची सूचना, ३० दिवसांत दाखल करायची असते. तिथंही नाव हक्कलेखाप्रमाणे. ट्रॅक्टरला मात्र उलटं: सातबाऱ्याचा संबंध नाही, नमुना २० (वाहन नोंदणीचा अर्ज) आणि ३४ (त्यावर कर्जाची नोंद) वर आधारचं नाव, आणि डीलरच्या बिलावरही तेच हवं. बिलात 'पाटील'चा 'पाटिल' झाला तर तो नोंदणीआधीच बदलून घ्या.

नमुना आठ-अ, आर्वी
एक राहिलं. मंडळ अधिकाऱ्यानं फेरफार प्रमाणित केला की ताजा सातबारा काढून 'इतर अधिकार' स्वतः वाचा: फेरफार क्रमांक, संस्थेचं नाव, रक्कम, आणि सामाईक खातं असेल तर बोजा कोणाच्या नावापुढं आहे ते. संस्थेचं नाव गावासकट पूर्ण पाहिजे. नुसतं 'सेवा सहकारी संस्था' चढलं तर कर्ज फिटल्यावर बोजा कमी करताना, दाखला कोणत्या संस्थेचा हवा, इथून सुरुवात होते.

गटसचिव, दारव्हा
आठ-अ काढायला घेतले. पहिल्याच गठ्ठ्यात चार अपाक निघाले.