विषय: चिरंजीवांची लाल गाडी आणि रिकॉल

प्रेषक: सुनील (पेअरलँड, ह्यूस्टनजवळ)
सोमवार, रात्री 10:42

मंडळी, नमस्कार.

गणपतीच्या गडबडीत भलताच विषय काढतोय, सांभाळून घ्या. आमच्या चिरंजीवांनी पहिल्या नोकरीच्या पैशांतून गाडी घेतली. लाल, दोन दारांची, 2012 ची स्पोर्ट्स कार. इतकी बुटकी की आत बसणं म्हणजे पंगतीला मांडी घालणं. कंपनीचं नाव लिहीत नाही, त्यांच्या एका डीलरची जाहिरात आपल्या दिवाळी अंकात असते.

हायवेवरच्या एका जुन्या गाड्यांच्या दुकानातून घेतली. ‘हिस्टरी रिपोर्ट एकदम क्लीन’ म्हणाला. काल शेजाऱ्याने सहज विचारलं, एअरबॅगचं रिकॉल करून घेतलंत का? म्हणजे दोष निघाला की कंपनी दुरुस्तीला गाड्या परत बोलावते, ते. पोरगा माझ्याकडे बघतोय, मी पोराकडे. आम्हाला कसलंच पत्र आलेलं नाही. दुकानदाराला फोन केला, तर म्हणे ते आमचं काम नाही. असं विकता येतं का हो? आणि आता बघायचं कुठे?

– सुनील

*

प्रेषक: अरविंद (शुगरलँड)
मंगळवार, सकाळी 6:15

सुनील,

येतं. नवी कोरी गाडी उघड्या, म्हणजे दुरुस्ती न झालेल्या, रिकॉलसकट विकायला डीलरला केंद्राच्या कायद्याने बंदी आहे, भाड्याने देणाऱ्या कंपन्यांनाही ताफा 35 गाड्यांहून मोठा असेल तर 2016 पासून बंदी आहे. जुनी गाडी विकणाऱ्यावर तसं काही बंधन नाही. तीस वर्षं डेट्रॉइटला याच धंद्यात काढली, तरी हे मला अजून पटलेलं नाही. पण आहे हे असं आहे.

पत्र का आलं नाही? कंपनी पत्र पाठवते ते तिच्याकडे नोंद असलेल्या मालकाला. गाडी दोन-तीन हात फिरली की पत्र पहिल्याच्या जुन्या अपार्टमेंटमध्ये जातं. स्पोर्ट्स कारचं तर विचारूच नकोस. पोरं घेतात, दोन वर्षं उडवतात, इन्शुरन्सचा हप्ता बघून विकतात.

आता काम. चासी नंबर घे, इथे व्हिन म्हणतात तो. ड्रायव्हरच्या बाजूला समोरच्या काचेच्या खालच्या कोपऱ्यात, बाहेरून दिसतो. 17 अक्षरं-आकडे. त्यात इंग्रजी आय, ओ आणि क्यू नसतातच, म्हणजे गोल दिसलं की डोळे मिटून शून्य समज. रस्ते-सुरक्षेचं सरकारी खातं, एनएचटीएसए, आम्ही ‘निट्सा’ म्हणतो, त्यांच्या साइटवर रिकॉलचं पान आहे, तिथे घाल. न झालेली कामं तेवढी दिसतात, झालेली दिसत नाहीत. अगदी ताजं रिकॉल असेल तर सगळे नंबर चढायला वेळ लागतो, म्हणून महिन्या-दोन महिन्यांनी परत बघ. नुसतं साल आणि मॉडेल घालून थांबू नकोस. एकाच सालच्या दोन गाड्यांपैकी एक यादीत असते, एक नसते.

दुरुस्ती त्या ब्रँडचा कुठलाही डीलर करतो, गाडी त्याच्याकडून घेतलेली नसली तरी. आणि फुकट. रिकॉल निघालं तेव्हा गाडी पहिल्या मालकाने घेऊन 15 वर्षं झालेली नसली म्हणजे झालं.

रिकॉल म्हणजे प्रत्येक वेळी इंजिन खाली उतरवावं लागतं असंही नाही. 2014 मध्ये शेवरलेच्या कमॅरो या स्पोर्ट्स कारचं निघालं होतं, 2010 ते 2014 च्या, सुमारे पाच लाख गाड्या. कारण काय? उंच माणसाचा गुडघा किल्लीला लागायचा आणि चालत्या गाडीत इग्निशन बंद व्हायचं. इंजिन गेलं की पॉवर स्टिअरिंग आणि ब्रेकचा जोरही गेला. उपाय काय, तर चाकूसारखी मिटणारी किल्ली काढून साधी किल्ली दिली आणि रिमोट वेगळा केला. हसू येतं, पण हायवेवर ज्याचं स्टिअरिंग दगड झालं असेल त्याला विचार.

– अरविंद

*

प्रेषक: दिलीप (केटी)
मंगळवार, दुपारी 12:03

पुण्यात फियाट वीस वर्षं चालवली. पत्र नाही, रिकॉल नाही, एअरबॅगही नाही. गाडी चालतेय ना? मग पोराला चालवू दे.

*

प्रेषक: मृणाल (क्लियर लेक)
मंगळवार, दुपारी 1:20

दिलीपकाका, एअरबॅग नव्हती हेच तुमचं नशीब! :)

सुनीलदादा, एअरबॅगचं म्हणजे बहुधा टाकाता, त्या जपानी कंपनीच्या सदोष बॅगा. थट्टेवारी नेऊ नका. बॅग फुगवायला आत अमोनियम नायट्रेटच्या गोळ्या असतात. वर्षानुवर्षं दमटपणा आणि ऊन खाऊन त्या भुसभुशीत होतात आणि धडक बसली की ठरल्यापेक्षा फार वेगाने जळतात. बॅग फुगायची ती फुगते, पण तिच्या मागचा धातूचा डबा फुटून तुकडे तोंडावर येतात. अमेरिकेत दोन डझनांहून जास्त माणसं गेली आहेत आणि सुमारे 6 कोटी 70 लाख एअरबॅगा परत बोलवाव्या लागल्या. दमट आणि गरम म्हणजे कुठे? आपण राहतो तिथेच. ह्यूस्टनच्या ऑगस्टात पार्किंगमध्ये उभी गाडी म्हणजे इडलीपात्र. शेजारच्या काउंटीत 2016 मध्ये एक जीव गेला, तोही साध्या पुढच्या गाडीला धडकण्यात.

स्पोर्ट्स कारवाल्यांनी विशेष बघा: 2005 ते 2014 च्या फोर्डच्या मस्टँग त्या यादीत आहेत, माझदाची आरएक्स-8 आहे.

आणि इन्स्पेक्शनच्या भरवशावर राहू नका. टेक्सासने खासगी गाड्यांची सेफ्टी तपासणी 2025 पासून बंदच केली. आपल्याकडे राहिली आहे ती धुराची.

– मृणाल

*

प्रेषक: अरविंद (शुगरलँड)
मंगळवार, दुपारी 1:48

मृणालने नेमकं सांगितलं. सुनील, बॅग शेजारच्या सीटची निघाली, तर बदलून होईपर्यंत वहिनींना तिथे बसवू नकोस.

*

प्रेषक: सुनील (पेअरलँड)
पुढचा गुरुवार, रात्री 9:30

मंडळी, हिशोब देतो.

नंबर पहिल्यांदा चुकलाच. अरविंदकाकांनी सांगूनही पोराने ‘ओ’ घातला, साइटने ओळख दाखवली नाही, तर तो म्हणतो ‘बघा, गाडी क्लीन’. शून्य घातल्यावर दोन उघडी कामं निघाली. एक शेजारच्या सीटची एअरबॅग, टाकाताच. दुसरं दाराच्या कडीचं. दोन्ही वर्षानुवर्षं पडून.

मग ग्लव्ह बॉक्स उपसला. मॅन्युअलखाली आधीच्या मालकाच्या नावाचं एक न फोडलेलं पाकीट, बाहेर सरकारी खात्याचा शिक्का. ‘तुमची वॉरंटी संपत आली’ वाली जी रद्दी रोज येते, तसंच दिसतं. मीही फोडलं नसतं.

डीलरकडे एअरबॅगचा पार्ट यायला आठवडा लागला. तोवर गाडी दारात उभी, पोरगा माझ्या मिनीव्हॅनने ऑफिसला. चेहरा बघण्यासारखा होता. काल दोन्ही कामं तीन तासांत झाली. काउंटरवरच्या माणसाने निघताना अलाइनमेंट आणि फिल्टरचं एस्टिमेट पुढे सरकवलं, ते मी तसंच परत सरकवलं. बिलावर शून्य डॉलर.

काल संध्याकाळी सौ. पहिल्यांदाच पुढे बसली. बसणं जमलं. उतरताना मात्र दोघांनी हात धरून ओढावं लागलं.

शनिवारी बटाटेवड्यांचे ट्रे हॉलवर याच गाडीतून येतील. मागच्या सीटवर माणूस मावत नाही, दोन ट्रे बरोबर मावतात.

– सुनील