१९६६ची एमजीबी तापली की मिसिंग करून बंद पडते: मदत हवी आहे

मंडळी, नमस्कार.

मी इंग्लंडमध्ये ऑक्सफर्डशरला राहतो. माझ्याकडे १९६६ सालची एमजीबी रोडस्टर (दोन सीटची उघडी ब्रिटिश स्पोर्ट्स गाडी) आहे. १७९८ सीसीचं पाच बेअरिंगचं इंजिन, दोन एसयू एचएस४ कार्बोरेटर, ल्यूकसचा डिस्ट्रिब्युटर (प्लगांना ठिणगी वाटणारा), डायनामो आणि पॉझिटिव्ह अर्थ (बॅटरीचं अधिक टोक बॉडीला जोडलेलं). सीटमागच्या सहा-सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्यासुद्धा मूळ जागीच आहेत. ही गाडी ॲबिंग्डनच्या कारखान्यात बनली आणि आज तिथून थोड्याच मैलांवर माझ्याकडे आहे, याचं मला फार अप्रूप आहे. म्हणून तिच्यात काही कायमचं बदलण्याआधी जाणकारांना विचारतोय.

तक्रार अशी: थंड गाडी चोक ओढून लगेच सुरू होते, छान पळते. ए३४ महामार्गावर ताशी ५५-६० मैलांनी वीस-पंचवीस मिनिटं गेलं की आधी हलके झटके, मग जोरात मिसिंग (इंजिनाचे ठोके चुकणं), कधी सायलेन्सरमधून फटाका, आणि गाडी बंद. पाव तास थांबलं की काहीच झालं नाही अशी पुन्हा सुरू होते. पुढच्या वेळी मात्र लवकर बंद पडते. तापमानाचा काटा जागेवर असतो, ऑइल प्रेशर उत्तम. मिसिंग सुरू झालं की आरपीएमचा काटा उड्या मारतो.

हिवाळ्यात एका वर्कशॉपकडून सर्व्हिसिंग करून घेतलं. प्लग, आणि डिस्ट्रिब्युटरमधले पॉइंट (ठिणगीच्या कॉइलचा करंट तोडणारा स्विच), कंडेन्सर, रोटर सगळं नवीन बसवलं. व्हॉल्व्ह क्लिअरन्स ०.०१५ इंच, पॉइंटची फट ०.०१५ इंच, दोन्ही मी स्वतः पुन्हा तपासलं. पेट्रोलच्या रबरी नळ्या ई१०ला (दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉलचं पेट्रोल) टिकणाऱ्या जे३० आर९ प्रतीच्या आहेत, आणि तरीही मी फक्त ई५ सुपर भरतो.

वर्कशॉपचं म्हणणं, एकदाच निगेटिव्ह अर्थ करा, अल्टरनेटर, इलेक्ट्रॉनिक इग्निशन आणि इलेक्ट्रिक पंखा लावा, जमलं तर पाच गिअरचा बॉक्सही टाका. मी बदलांच्या विरोधात नाही. पण दोष कुठे आहे हे कळल्याशिवाय सगळंच बदललं तर दोष गेला की झाकला गेला, हे मला कळणार नाही. जूनमध्ये आई-बाबा साताऱ्याहून येणार आहेत. बाबांना या गाडीतून कॉट्सवोल्ड्स दाखवायचंय, आणि ए३४वर कडेला थांबायला जागा किती कमी आहे ते इथल्यांना माहीत आहेच.

दोष पेट्रोलचा की इग्निशनचा, हे रस्त्यावर उभ्या-उभ्या कसं ओळखायचं? आणि बदल करायचेच तर आधी कुठला?

लेस्टरकर:
मला पेट्रोल वाटतंय, तापून नळीत वाफ धरत असेल. एमजीबीत कार्बोरेटर आणि एक्झॉस्ट मॅनिफोल्ड एकाच बाजूला, एकावर एक. मधला उष्णतारोधक पत्रा आणि कार्बोरेटरमागचे इन्सुलेटिंग ब्लॉक जागेवर आहेत का बघा. बंद पडल्यावर टाकीचं झाकण उघडा. हवा आत ओढल्याचा आवाज आला तर झाकणाचं छिद्र बुजलंय.

अँबॅसिडरवाला, पुणे:
तुमच्या एमजीबीचं इंजिन बीएमसीच्या बी-सिरीजचं. आमच्या अँबॅसिडरचं १४८९ सीसीचं जुनं पेट्रोल इंजिन त्याच घराण्यातलं, त्यावर एसयू कार्बोरेटरही एकच. मी या इंजिनांवर उमेदीची वर्षं काढली आहेत, म्हणून सविस्तर लिहितो.

लेस्टरकर, झाकणाची तपासणी जरूर करावी, फुकटात होते. पण वाफ धरण्याचा प्रकार मला इथे पटत नाही. अँबॅसिडरला इंजिनावरचा मेकॅनिकल पंप पेट्रोल मागून ओढतो, तो तापतो, नळीत वाफ धरते, म्हणून आपल्याकडे घाटात पंपावर ओलं फडकं टाकायची पद्धत पडली. एमजीबीचा एसयू पंप मागे, टाकीजवळ. तो पेट्रोल पुढे ढकलतो, आणि दाबाखालच्या पेट्रोलची वाफ सहज होत नाही. एमजीबीत पेट्रोल उकळतं ते बहुतेक फ्लोट बाउलमध्ये (कार्बोरेटरच्या पेट्रोलच्या वाटीत), तेही गरम गाडी उभी केल्यावर, कारण तेव्हा वारा थांबतो. तुमची गाडी ६०च्या वेगात, भरपूर वाऱ्यात बंद पडतेय. आणि उभी राहिल्यावर बरी होतेय. हे उलटं आहे.

दुसरं, आरपीएमचा काटा. १९६६च्या गाडीत तो मीटर कॉइलकडे जाणाऱ्या करंटवर चालतो. पेट्रोल संपत असेल तर इंजिनाचा वेग उतरेल तसा काटा सावकाश खाली येतो. उड्या मारतोय म्हणजे प्रायमरी (कॉइल-पॉइंटच्या) सर्किटमध्ये गडबड आहे.

माझा संशय नव्या कंडेन्सरवर. हल्लीच्या बऱ्याच नव्या कंडेन्सरमध्ये आतली जोडणी नुसती दाबून बसवलेली असते. डिस्ट्रिब्युटर तापला की ती सुटते, गार झाला की परत लागते. कंडेन्सर सुटला की पॉइंट उघडताना तिथेच ठिणगी पडते, कॉइलचं चुंबकीय क्षेत्र झटक्यात कोसळत नाही, आणि प्लगला पिवळट, मरतुकडी ठिणगी मिळते.

रस्त्यावरची परीक्षा अशी. चांगला जुना कंडेन्सर घ्या, त्याच्या वायरीला एक आणि डब्याला एक अशा क्लिपा लावून टूलकिटमध्ये ठेवा. गाडी बंद पडली की इग्निशन चालू करून आधी पंप ऐका. टक-टक करून थांबला तर बाउल भरलेत, पेट्रोल आहे. अखंड टकटकत राहिला तर पेट्रोल पोचत नाहीये किंवा नळीत हवा शिरतेय. पंप ठीक असेल तर इग्निशन बंद करून कंडेन्सरची वायर कॉइलच्या सीबी टर्मिनलला, म्हणजे डिस्ट्रिब्युटरकडे जाणाऱ्या बाजूला लावा आणि डबा बॉडीला. गार व्हायची वाट न बघता सेल्फ मारा. लगेच सुरू झाली तर चोर सापडला. नाही झाली तर डिस्ट्रिब्युटरमधली पॉइंटकडे जाणारी बारीक लवचीक वायर आणि बेसप्लेटची अर्थ वायर बघा. व्हॅक्यूम ॲडव्हान्सने (ठिणगीची वेळ बदलणाऱ्या यंत्रणेने) प्लेट हलते तशा या आतून तुटतात, वरचं आवरण मात्र शाबूत दिसतं.

रोटरही तपासा. झाकण काढून कॉइलची जाड वायर रोटरच्या मधल्या पितळी पट्टीपासून दोन-तीन मिलिमीटरवर धरा, इन्सुलेटेड पकडीने, आणि पॉइंट उघड-बंद करा. पट्टीवर पुन्हा पुन्हा ठिणगी उडी मारत असेल तर रोटर आतून शाफ्टला गळतोय.

नॉटिंगहॅमची सायली:
दोष सापडेपर्यंत थांबा, हे मान्य. पण इलेक्ट्रॉनिक इग्निशनला इतकं घाबरू नका. डिस्ट्रिब्युटरच्या आत बसणारी मॉड्यूल पॉझिटिव्ह अर्थसाठीही मिळतात. मागवताना तसं स्पष्ट सांगा, उलट जोडलं तर ते तिथेच जळतं. पॉइंट काढून जपून ठेवा, अर्ध्या तासात मूळ अवस्था परत.

निगेटिव्ह अर्थ करायचं तर बॅटरीच्या केबल फिरवून भागत नाही. डायनामोला नव्याने पोलॅरिटी द्यावी लागते, कॉइलच्या वायरी अदलाबदल कराव्या लागतात, आरपीएम मीटर आतून बदलावा लागतो. पंपात डायोड असेल तर तोही बघा. मी केलंय आणि समाधानी आहे, पण मला फोन चार्जर आणि एलईडी दिवे हवे होते. तुम्हाला तशी गरज आहे का? या बदलांनी गाडीचं ४० वर्षांवरचं एमओटी (वार्षिक तपासणी) माफीचं हिस्टॉरिक स्थान जात नाही. तिथे चासी किंवा बॉडी, ॲक्सल-रनिंग गिअर आणि इंजिन यांतले मोठे बदल बघतात. विमा कंपनीला मात्र प्रत्येक बदल कळवा.

धागाकर्ता:
सगळ्यांचे मनापासून आभार. अँबॅसिडरवाले काका, तुम्ही सांगितलंत तसंच केलं. ओळखीच्या एकाकडे जुना ल्यूकसचा वापरलेला कंडेन्सर मिळाला. ए३४वर न जाता गावाजवळच्या रस्त्यांवर गाडी तापवली. नेहमीसारखी बंद पडली. टाकीच्या झाकणाचा आवाज नाही, पंप तीन-चारदा टकटकून थांबला. जुना कंडेन्सर सीबीला लावला आणि पहिल्याच सेल्फला सुरू झाली! तशीच, क्लिपांसकट, घरी आणली.

डिस्ट्रिब्युटर उघडला तर पॉइंटची एक बाजू काळी पडलेली होती. आता जुना कंडेन्सर आत बसवलाय, पॉइंट साफ करून फट पुन्हा लावली. रोटरही तपासला, ठिणगी एकदाच उडाली आणि थांबली. त्यानंतर न्यूबरीपर्यंत जाऊन आलो, काटा स्थिर.

अँबॅसिडरवाला, पुणे:
वा! रोटर ठीक आहे, पहिली ठिणगी धरायची नसते. काळे पडलेले पॉइंट साफ करून फार दिवस चालवू नका, नवीन घाला, आणि कॅमवर ग्रीसचा अगदी बारीक थेंब, नाहीतर फायबरची टाच झिजून फट कमी होत जाते. त्या जुन्या कंडेन्सरचं मोजमाप करून घ्या, ०.१८ ते ०.२४ मायक्रोफॅरॅडमध्ये हवा.

धागाकर्ता:
मीटरवर ०.२१ आला. पॉइंट मागवले. जूनपर्यंत इग्निशन मूळचंच ठेवतो, पण सायलीताई, पॉझिटिव्ह अर्थचं मॉड्यूल घेऊन डिकीत ठेवणार आहे. तुम्ही मॉड्यूलबरोबर कॉइल तीच ठेवलीत की बदललीत? माझ्या कॉइलचा प्रायमरी रोध तीन ओहमच्या आसपास आहे.

नॉटिंगहॅमची सायली:
तीच ठेवली. तीन ओहमची, बॅलास्ट (वेगळा जोडलेला रोध) नसलेली कॉइल माझ्या मॉड्यूलला चालते. तुमच्या मॉड्यूलच्या कागदावर किमान रोध किती दिलाय ते एकदा बघून घ्या. आणि डिकीत ठेवाल तेव्हा त्याच्याबरोबर योग्य मापाचा पाना आणि फीलर गेजही (फट मोजायच्या पट्ट्या) ठेवा.