देखणी (गोव्याचं कोंकणी नृत्यगीत) लावली की तिसऱ्या गाण्याला डीजे रिमिक्स. तिच्या नात्यातली गाणी शोधायची कशी?

ताम्हण:
'हांव सायबा पलतडीं वेतां' लावलं की यूट्यूब लगेच 'बॉबी'तलं गाणं पुढे करतं. इथवर ठीक. पण तिथून सरळ सत्तरच्या दशकातली हिंदी हिट गाणी आणि मग रिमिक्स. मांडो, दुलपद (हेही गोव्याचे गीतप्रकार), जुनं कोंकणी पॉप काही म्हणजे काही येत नाही. सेटिंगमध्ये कुठे काय बदलायचं?

दिमडी:
आधी कारण. यूट्यूब पुढे सुचवतं ती यादी प्रामुख्याने प्रेक्षकांवरून ठरते: हे पाहणाऱ्यांनी पुढे काय पाहिलं, आणि तुम्ही स्वतः आजवर काय पाहिलंत. चालीचं नातं त्यात आलंच तर आडवाटेने येतं. 'बॉबी'च्या (१९७३) 'ना माँगूँ सोना चाँदी'त लक्ष्मीकांत-प्यारेलाल यांनी या देखणीचीच चाल घेतली, म्हणून लोक दोन्ही पाठोपाठ पाहतात. पण हिंदी सिनेमाचा प्रेक्षक मांडोच्या श्रोत्यांच्या कित्येक पट, त्यामुळे एकदा त्या बाजूला गेलात की यादी परत फिरत नाही.

उपाय: फक्त गाण्यांसाठी वेगळं गुगल खातं काढा. ऑटोप्ले बंद ठेवा, नाहीतर तुम्ही जेवायला गेलात तरी वाजलेलं सगळं हिस्टरीत जमा होतं. पहिले पंधरा-वीस व्हिडिओ शोधून, निवडून, शेवटपर्यंत ऐका. चुकून लागलेलं गाणं वॉच हिस्टरीतून लगेच काढून टाका. हिस्टरीच बंद करू नका, शिकायला काही उरत नाही आणि होमपेज रिकामं पडतं. इन्कॉग्निटोचा उपयोग एवढाच, की तुमच्या सवयी वगळून त्या गाण्याशेजारी काय येतं ते दिसतं.

रिमिक्सवर 'नॉट इंटरेस्टेड' पुरे. 'डोन्ट रेकमेंड चॅनल' जपून. मोठ्या कंपनीच्या चॅनलवर रिमिक्स आणि जुनी ध्वनिमुद्रणं एकत्र असतात, सुक्याबरोबर ओलंही जळतं.

पलतड:
सेटिंग दुय्यम आहे हो. देवनागरीत शोधताय ना? तिथेच गाडी अडते. गोव्यातले बरेच जण गाणी रोमी (म्हणजे कोंकणीसाठीच्या रोमन) लिपीत चढवतात आणि तिचं स्पेलिंग मराठी माणसाला सुचत नाही. 'अ'चा बहुधा 'ओ' होतो (दुलपदचं 'दुलपोद'), 'ड' आणि 'ण'साठी अक्षर दोनदा, 'श'साठी 'एक्स', शेवटच्या अनुस्वाराला 'एम'. म्हणजे 'वेतां'च्या शेवटी 'एम' आणि 'देखणी'त 'एन' दोनदा. हे करून पाहा, वेगळीच यादी उघडेल. 'कांतार' (गाणं) हा शब्दही टाका, सी आणि के दोन्हींनी.

दुसरं, शीर्षकापेक्षा ध्रुवपदाने शोधा. या देखणीत नदीपलीकडे दामूच्या लग्नाला निघालेली कलावंतीण होडीवाल्याला दागिने देऊ करते आणि तो 'म्हाका नाका गो' म्हणतो. एवढे तीन शब्द टाकले तरी वेगवेगळे गायक सापडतात.

पॉपकडे जायचं तर गायिका लोर्ना आणि संगीतकार ख्रिस पेरी या नावांपासून सुरुवात करा. 'नाचुंया कुंपासार' (२०१४) या चित्रपटात पेरींचीच गाणी नव्याने घेतली आहेत, तेव्हा मूळ आवाज हवा असेल तर गायिकेचं नाव तपासून घ्या.

ताम्हण:
रोमीचं लक्षातच आलं नव्हतं. 'टॉपिक' लिहिलेल्या चॅनलवरच्या माहितीवर विसंबायचं का?

दिमडी:
ती पानं कंपनीने पाठवलेल्या माहितीवरून आपोआप बनतात. गायक, कंपनी बहुतेक वेळा बरोबर. तारीख मात्र पुष्कळदा नंतरच्या संकलनाची, म्हणून जुन्या गाण्यापुढे अलीकडचं साल दिसतं. लोकगीतापुढे संगीतकार म्हणून कोणाचं नाव असेल तर ते मांडणी करणाऱ्याचंही असू शकतं. त्याच नावाने पुढे शोधत गेलात तर भलतीकडे जाल, गायकाच्या नावाने शोधा.

पलतड:
आणि शोधात रिमिक्स नको असेल तर शब्दाआधी उणे चिन्ह, मध्ये जागा न सोडता. मात्र शीर्षकात 'मिक्स', 'डीजे', 'क्लब' असं काहीही असतं, तिन्ही वगळावे लागतात.