वाफेच्या इंजिनाची पितळी पाटी मिळतेय, घेऊ का? (सोलापूर)

चादरवाला
नमस्कार मंडळी. रेल्वेच्या जुन्या वस्तूंचा नाद नुकताच लागलाय. पुठ्ठ्याची तिकिटं, जुनी टाइमटेबलं, एक हातकंदील, एवढीच जमा. आता वाफेच्या इंजिनाची पाटी हवी आहे. इथल्या एका भंगारवाल्याकडे पितळी पाटी बघितली. लंबगोल आकार, वर 'किटसन अँड कंपनी, लीड्स', मधे इंजिनाचं उठावदार चित्र, खाली 'बार्शी लाइट रेल्वे' आणि १९४७ साल. कुर्डुवाडीच्या इंजिनावरची आहे म्हणतो. बावीस हजार, एक पैसा कमी नाही. फोटो जोडलाय. घेऊ का? घेतलीच तर पॉलिश कुठं करून मिळेल?

जुना_लोकोशेड
अजिबात घेऊ नका. किटसनचा कारखाना १९३८ लाच बंद पडला. ४७ साली ही पाटी ओतली कुणी?

बार्शी लाइटची सुरुवातीची इंजिनं किटसनचीच होती हे खरं. १८९७ ला बार्शी रोड म्हणजे आजची कुर्डुवाडी ते बार्शी अशी अडीच फुटी लाइन सुरू झाली, काल्थ्रॉप नावाच्या इंग्रज इंजिनिअर साहेबाची. त्यामुळे आपल्या भागात त्या नावाला गिऱ्हाईक मिळतं. करणाऱ्यानं नाव बरोबर उचललं, साल मनानं घातलं. आणि ते चित्र बघूनच हसू आलं. पाटी इंजिनावरच बसणार, मग तिच्यावर परत इंजिन कशाला काढतील ओ?

चादरवाला
बरं झालं विचारलं. मग खरी पाटी ओळखायची कशी?

पाटीबहाद्दर
आधी पाटी कुठली ते बघायचं. दोन जाती आहेत. कॅबच्या, म्हणजे ड्रायव्हरच्या खोलीच्या, बाजूला असते ती नंबराची पाटी, ती रेल्वेनं दिलेली. दुसरी कारखान्याची, तिच्यावर बनवणाऱ्याचं नाव, गाव, साल आणि त्या कारखान्याचा अनुक्रमांक. मी नेहमी दुसरीच्या मागं असतो. रेल्वेचे नंबर बदलत गेले. जीआयपीची (ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वे) १९५१ ला मध्य रेल्वे झाली, पुढं सगळ्या देशासाठी एकच नंबर पद्धत आली, त्यामुळे एकेका इंजिनानं दोन-तीन नंबर मिरवलेत. कारखान्याचा अनुक्रमांक मात्र जन्माचा. बेयर पीकॉक, व्हल्कन फाउंड्री, नॉर्थ ब्रिटिश या इंजिन कारखान्यांच्या इंजिनांच्या याद्या अभ्यासकांनी छापल्यात. अनुक्रमांक आणि साल त्यात जुळलं नाही की विषय संपला.

आता हातात घेऊन काय बघायचं ते सांगतो. खऱ्या पाटीचा साचा करून नवी ओतली तर ती मूळ पाटीपेक्षा लहान निघते, कारण पितळ थंड होताना आक्रसतं. साधारण दीड टक्का धरा. मूळ पाटी तीनशे मिलिमीटरची असेल तर नक्कल दोनशे पंचाण्णवच्या आसपास भरते. म्हणून खिशात स्टीलची पट्टी ठेवायची आणि अस्सल पाटीचं माप आधी मिळवून जायचं. अक्षरांच्या कडांवरून नख फिरवा. नकलेत कडा साबणासारख्या गुळगुळीत लागतात. मग पाटी उलटी करा. पुढून सगळेच सजवतात, मागचं कुणी बघत नाही. वर्षानुवर्षं बोल्टवर हादरे खाल्लेली भोकं थोडी लांबट होतात, कडेला चकतीचा ठसा असतो, कोपऱ्यात काळं तेल मुरलेलं असतं. तुमच्या फोटोत भोकं कालच ड्रिल मारल्यासारखी आहेत.

कुर्डुवाडी_जंक्शन
सगळे पाटीचंच बोलताय, कागदाचं कुणीच नाही. चुकून खरी निघाली तर जास्त पंचाईत आहे. रेल्वे मालमत्ता (बेकायदा ताबा) कायदा, १९६६. चोरीचा संशय घेण्याजोगी वस्तू तुमच्याकडे सापडली तर ती सरळ मार्गानं आली हे तुम्ही दाखवायचं. पहिल्याच गुन्ह्याला पाच वर्षांपर्यंत कैद. 'भंगारातून घेतली' हे उत्तर आरपीएफपुढं (रेल्वे सुरक्षा दल) चालत नाही. लिलावाची पावती, माल बाहेर पडल्याचा गेटपास आणि तिथून तुमच्यापर्यंतच्या प्रत्येक हाताचं बिल पाहिजे. नसेल तर अस्सल पाटीलाही मी शंभर रुपये देणार नाही. आणि शंभर वर्षांपुढची वस्तू परदेशी पाठवायचा विचारसुद्धा करू नका, १९७२ चा पुरावस्तू कायदा आडवा येतो.

पाटीबहाद्दर
+१. म्हणूनच बरेच जण इंग्लंडच्या पाट्या घेतात. तिथं रेल्वेनंच लंडनच्या यूस्टनला दुकान काढून लोकांना अशा वस्तू विकल्या. धुरपेटीच्या (इंजिनाच्या तोंडाशी धूर जमतो ती पेटी) दारावरच्या बिडाच्या नंबर पाट्या तिथल्या लिलावात नियमित येतात, कागदासकट. फक्त बीड जड असतं, पाठवणावळ आणि कस्टम धरून हिशेब करा. नाहीतर पाटीपेक्षा टपाल महाग.

मिलवाली
सोलापुरात बसून इंजिनाच्याच मागं का लागायचं? आपल्याकडं मिला होत्या की. बॉयलरच्या पाट्या, ओल्डहॅमच्या प्लॅट ब्रदर्ससारख्या यंत्रवाल्यांच्या पाट्या. माझ्याकडं एक बॉयलरची आहे, बिडाची, बंद मिलच्या लिलावात ज्यांनी यंत्रं घेतली त्यांच्याकडून बिलावर घेतलेली. ओतकाम तेच, काळ तोच, वाफ तीच, आणि आरपीएफ दारात येत नाही.

जुना_लोकोशेड
मिलवाली ताई, आमच्यासारख्याला बॉयलरच्या पाटीत शिट्टी ऐकू येत नाही ना! पण नवीन माणसाला तुमचा सल्ला सगळ्यात चांगला, हे कबूल.

आणि हो, पॉलिशचं राहिलं. बफिंगवाल्याकडे नेऊ नका. पितांबरी, चिंच, लिंबू, सगळं देवाच्या भांड्यांना ठेवा. कोमट पाण्यात साध्या साबणाचा फेस, मऊ ब्रश, लगेच कोरडी करायची, वर मेणाचा पातळ हात. अक्षरांमागच्या खळग्यात जुना रंग असेल तर तो खरवडू नका, पारखी माणूस आधी तोच बघतो.

चादरवाला
आज परत जाऊन आलो. बिल मागितल्यावर मालक बावीसवरून थेट नऊ हजारावर आला. बिल मात्र देत नाही म्हणाला. साल ३८ च्या आधीचं 'करून देऊ' असंही म्हणाला!

कुर्डुवाडी_जंक्शन
😂 मग त्याला चित्तरंजनच्या इंजिन कारखान्याची १९४० ची पण ओतायला सांगा. तिथलं पहिलं इंजिन १९५० चं आहे.

पाटीबहाद्दर
शोभेलाच हवी असेल तर पितळेच्या भावानं वजनावर मागा, त्यावर रुपया नको. पण त्याआधी सुट्टी काढून नागपूरला मोतीबागचं नॅरोगेज संग्रहालय बघून या, दिल्लीला गेलात तर चाणक्यपुरीचं रेल्वे संग्रहालयही. इंजिनावर बसलेल्या पाट्यांचे सरळ समोरून फोटो काढा, शेजारी पट्टी धरू देत असतील तर उत्तम. मिलवालींच्या ओळखीत बॉयलरची एखादी असेल तर तेही इथंच विचारा.

मिलवाली
एक आहे, बिलासकट. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करते.