शँटी म्हणताना दोर नेमका कधी ओढायचा?

शीडवाला: कार्यक्रमात आठ जणांच्या हातात खरा दोर देऊन शँटी, म्हणजे शिडाच्या जहाजावर खलाशी काम करताना म्हणायचे ते गाणं, म्हणायची आहे. 'वेलरमन' सगळ्यांना पाठ आहे, पण ओढ एकत्र लागतच नाही. चूक कुठे होतेय?

कप्पी: गाणंच चुकलंय. 'वेलरमन' कामाचं गाणं नाही, ती व्हेलच्या शिकारीची गोष्ट आहे. न्यूझीलंडमध्ये ओटागोला १८३१ साली व्हेलिंगचं ठाणं काढणाऱ्या वेलर भावांवरून ते नाव आलं. २०२१च्या सुरुवातीला टिकटॉकवर गाजलं आणि लोक त्यालाच शँटी म्हणू लागले. तुम्ही 'हॉल अवे जो' घ्या. ओढ एकच, शेवटच्या 'जो'वर. आधीची ओळ एकट्या शँटीमनची, म्हणजे पुढे गाणाऱ्याची. तेवढ्यात बाकीच्यांनी श्वास घ्यायचा, हात दोरावर पुढे सरकवायचे. सगळेच सगळं गायला लागले तर ओढीच्या वेळी दम उरत नाही.

उधाण: आणि वेग कमी ठेवा. हल्लीचे बँड गाणं पळवतात, पण दोराला हात सरकवायला वेळ लागतोच. 'ब्लो द मॅन डाऊन' हे परभाण, म्हणजे शीड बांधायचा आडवा वासा, वर चढवण्याचं गाणं. त्यात कोरसच्या प्रत्येक ओळीत दोनदा ओढायचं. नांगर उचलताना मात्र खलाशी कॅपस्टनभोवती, म्हणजे दोर गुंडाळणाऱ्या उभ्या फिरत्या खांबाभोवती, गोल चालत, तिथे झटका नकोच, म्हणून त्या गाण्यांचे कोरस ऐसपैस असतात.

शीडवाला: नौदलाचा गणवेश घालायचा विचार होता...

कप्पी: नको! ब्रिटिश नौदलात कामाच्या वेळी गाण्याला मनाई होती. हुकूम ऐकू यायला हवेत आणि माणसंही भरपूर. शँटी मालवाहू जहाजांची, जिथे मोजक्या हातांनी जड काम उरकायचं. त्यातला मोठा वाटा अमेरिकेतल्या मोबील, न्यू ऑर्लिन्स बंदरांत जॅकस्क्रूनं, म्हणजे फिरवून दाब देणाऱ्या मोठ्या स्क्रूनं, कापसाच्या गासड्या जहाजाच्या तळात दाबून बसवणाऱ्या कृष्णवर्णीय कामगारांचा. हे बहुतेक जण विसरतात.

उधाण: गाणी टिकली ती वेळेवर लिहून घेतल्यामुळे. लोकगीतं गोळा करणारे सेसिल शार्प यांनी १९१४ मध्ये इंग्लंडमधल्या वॉचेटच्या जॉन शॉर्ट या खलाशाकडून पन्नासहून अधिक उतरवून घेतली. स्टॅन ह्यूगिल तर स्वतः शिडाच्या जहाजावर शँटीमन होता. त्याचा जाडजूड संग्रह १९६१चा.

शीडवाला: कडवी किती ठेवू?

कप्पी: मोजू नका. शँटीमन कडवी जोडत राहायचा, आणि काम झालं, दोर बांधण्याचा हुकूम आला की गाणं अर्ध्या ओळीत तुटायचं. तुम्हीही तसंच तोडा.