मदत हवी आहे: गुलमर्गला वादळानंतरच्या दिवशी स्कीइंग करावं का?

नमस्कार मंडळी. फेब्रुवारीत दादर-ठाण्याचे पाच जण गुलमर्गला जातोय. गोंडोलाच्या (रोपवेच्या) दुसऱ्या टप्प्यावरून अफरवट शिखराच्या मोकळ्या उतारांवर, सोबत स्थानिक गाइड. सह्याद्रीची सवय आहे, बर्फाची नाही. बीकन (बर्फाखाली गाडलेल्याला शोधायचं, अंगावर बांधायचं रेडिओ यंत्र), प्रोब (बर्फात टोचायची लांब सळई), फावडं भाड्याने मिळतंय. समजा शनिवारी वादळ, रविवारी लख्ख ऊन आणि सोमवारी मुंबईचं विमान. रविवारी वर जावं का? इथे मुंबईत काय तयारी करता येईल?

प्रतिसाद १
रविवारी नको. ऊन पडलं की हिमस्खलनाचा, म्हणजे उतारावरचा बर्फ सुटून कोसळण्याचा धोका टळला, हा आपला पावसाळी हिशेब. पश्चिमी झंझावातात (हिवाळ्यात पश्चिमेकडून येणाऱ्या वादळात) चोवीस तासांत 30 सेंमी बर्फ पडला आणि सोबत वारा असला, तर वाऱ्याआडच्या बाजूला त्याच्या कितीतरी पट साठतो आणि त्याची लादी, म्हणजे एकसंध घट्ट थर होतो. खाली साखरेसारखा सुटा थर असेल तर एका माणसाच्या वजनानेही ती सुटते. पायाखाली 'धप्प' असा दबका आवाज आला किंवा स्कीपासून भेगा पळाल्या, तर तिथूनच मागे फिरा.

लिंगाण्याकडे बघून भीती वाटते ना, ती इथे फसवते. तेवढ्या उभ्या कड्यावर बर्फ टिकतच नाही, थोडा थोडा गळून जातो. लादी सुटते ती बहुधा 30 ते 45 अंशांत, म्हणजे स्कीला मजा येते नेमकी तिथेच. काठी उतारावर आडवी टाका, तिच्यावर मोबाइल ठेवून कोन मोजा.

धागाकर्ता
मग खालून, सपाटीवरून गेलो तर?

प्रतिसाद १
डोक्यावर काय आहे ते बघा. सुटलेला बर्फ सपाटीवरही लांबवर येतो. तिथून जावंच लागलं तर एकेकाने, बाकीचे आडोशाला. आपली रांगेत चिकटून चालायची सवय मुंबईतच ठेवून या.

प्रतिसाद २
सामानाबद्दल. बीकन, प्रोब, फावडं प्रत्येकाकडे हवं, गाइडकडेही. बीकन सॅकमध्ये नाही, जॅकेटच्या आत अंगावर. सेल अल्कलाइन, रिचार्जेबल फक्त माहितीपुस्तिकेत परवानगी असेल तरच. मोबाइल, पॉवरबँक एरवी बीकनपासून 20 सेंमी लांब, शोधताना 50.

सराव जुहूच्या कोरड्या वाळूत करा. एक बीकन सुरू करून डब्यात घालून पुरा, बाकीचे शोधा. शेवटचे तीन मीटर बीकन जमिनीलगत, हळू. बीकनवर अंतराचा सगळ्यात कमी आकडा येईल तिथून 25 सेंमी अंतराने गोल गोल प्रोब टोचत जा. प्रोब गाडलेल्याला लागला की तो काढू नका. खणायला उताराच्या खालच्या अंगाने सुरुवात करा, गाडल्याच्या खोलीच्या साधारण दीडपट अंतरावरून. बहुतेक जण प्रोबच्या बुंध्याशीच खड्डा करतात आणि गाडलेल्याच्या तोंडासमोरची हवेची पोकळी स्वतःच्या वजनाने दाबून टाकतात. पंधरा मिनिटांत बाहेर काढला तर वाचण्याची शक्यता चांगली, पुढे ती झपाट्याने घसरते. तेवढ्या वेळात बाहेरची मदत येईल हे विसरा.

प्रतिसाद १
चंडीगढच्या डीजीआरईचा (संरक्षण खात्याची संशोधन संस्था) हिमस्खलन इशारा रोज बघा. आणि विमान बुधवारचं घ्या, म्हणजे रविवारी हॉटेलात बसणं जड जाणार नाही.