अनुभव धागा : बालवाडीत चित्रांचं पुस्तक उघडलं आणि...

बालवाडी शिक्षिका, पुणे (धागा सुरू करतेय)

नमस्कार मंडळी. एकोणीस वर्षं बालवाडीत आहे, तीन ते सहा वयाची पोरं. 'लहान वयात वाचनाचे फायदे' यावर पुष्कळ छापून येतं, ते इथे नको. मला हवंय ते असं : अमुक चित्र दाखवलं, अमुक पोरगं असं म्हणालं आणि मी तोंडावर पडले. फजिती आधी सांगा, कौतुक नंतर.

सुरुवात माझ्यापासून. एका पुस्तकात मोठं कुटुंब जेवायला बसलंय असं दोन पानभर चित्र आहे. त्या पानावर माझा ठरलेला धंदा : "ताटात काय काय आहे? वरण कुठाय? लिंबाची फोड कुणाला दिसली?" शब्द वाढतात ना! मागच्या वर्षी एक पाच वर्षांची मुलगी उठून पुढे आली आणि बोट ठेवून मोजायला लागली. माणसं सहा. ताटं पाच. परत मोजलं. मग म्हणाली, "बाई, हिचं ताट काढायचं राहिलं." ही म्हणजे पदर खोचून पोळ्या वाढणारी आई.

कोपऱ्यातून एक पोरगा : "राहिलं नाही काय, ती नंतर जेवते."

"का पण?"

"असंच असतं."

आणि मग जी जुंपली! कुणाची आई उभ्याउभ्या खाते, कुणाचे बाबाच वाढतात, कुणाची आजी सगळ्यांच्या आधी वाडग्यात दूधभात कालवून मोकळी होते. एकाची आई रात्रपाळीला जाते, ती 'सकाळी रात्रीचं जेवते'. पाऊण तास गेला, गाणी राहिली, डबे उशिरा उघडले. मी चार वर्षं त्या चित्रात वरण शोधत बसले होते.

दुसऱ्या दिवशी बघते तर पानावर पेन्सिलीनं सहावं ताट. वाचनालयाचं पुस्तक! किंमत भरली आणि ठेवून घेतलं. आता तुम्ही सांगा.

अंगणवाडी सेविका, डहाणू तालुका

ताई, तुमच्याकडे पुस्तकाची किंमत भरून सुटता येतं. आमच्याकडे साहित्याच्या नोंदवहीत उत्तर द्यावं लागतं. खोटं कशाला बोलू, आलेली पुस्तकं मी तीन वर्षं कपाटात कुलपात ठेवली होती. पाहणीला कोणी आलं की काढायची, मांडायची, फोटो काढायचा, परत आत. कोरी करकरीत राहिली. मग पावसाळ्यात बघते तर दोन पुस्तकं वाळवीनं खाल्लेली. पोरांच्या हाताला न लागताच संपली. त्या दिवशी माझं मलाच कसंतरी झालं.

मी आणि मदतनीसबाईंनी खिडकीच्या गजांना सुतळी बांधली आणि कपड्यांच्या चिमट्यांनी पुस्तकं लटकवली, पोरांचा हात पोचेल अशी. पहिल्या आठवड्यात दोन फाटली. मग मैद्याची खळ शिजवली. खळीत मोरचूद घालतात ना, तो नाही घातला, कारण ही मंडळी बोटं चाटतात. दर शनिवारी 'पुस्तकांचा दवाखाना' भरतो. ज्यानं फाडलं तोच डॉक्टर. आता अडचण अशी की एक पोरगा डॉक्टर व्हायला मिळावं म्हणून मुद्दाम फाडतो. यावर कोणाकडे उपाय असेल तर कळवा.

आणखी एक. एका चित्रात घर होतं, वर नळकांडं, त्यातून धूर. मी म्हटलं, "हे घर." पोरं म्हणाली, "वीटभट्टी." मी परत म्हटलं घर. "नाही बाई, भट्टीच." त्या वर्गातल्या चौघांचे आईबाप दिवाळी झाली की भट्टीवर जातात. मी वाद घातला नाही. गोष्ट भट्टीचीच सांगितली, तिथे अस्वल राहतं असं.

कोसबाडची टेकडी आमच्यापासून फार लांब नाही. ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं, १९५७ मध्ये ते कोसबाडला आलं, बरोबर अनुताई वाघ. पोरं येत नाहीत म्हटल्यावर बालवाडीच पाड्यावर नेली, कुणाच्या तरी अंगणात. ती अंगणवाडी. गुरं राखणाऱ्यांसाठी कुरणशाळा. पुढे १९७५ च्या सरकारी योजनेतही अंगणवाडी हेच नाव आलं. प्रशिक्षणात हे ऐकलं तेव्हा वाटलं, त्यांना कुणी नोंदवही मागितली नसेल. असो. मोबाईलवर रोजची माहिती भरायची राहिलीये, जाते.

पुणे, धागाकर्ती

डॉक्टरवर उपाय : त्याला कंपाउंडर करा. खळ ढवळायची, फाडाफाडी बंद. माझ्याकडे चाललं होतं.

सीनियर केजी, मुंबईचं उपनगर

माझी फजिती मोठी आहे. शाळेचं नाव सांगत नाही. गोष्टीचा तास सुरू केला, सगळे खूश. महिन्याभरात वरून सूचना आली की प्रत्येक गोष्टीनंतर 'काहीतरी दाखवण्यासारखं' हवं. म्हणजे वर्कशीट. गोष्टीत हत्ती आला की हत्ती रंगवा, पाच हत्तींना गोल करा. पालकांच्या ग्रुपवर रोज फोटो. सगळं छान चाललं होतं, म्हणजे कागदावर.

ऑगस्टमध्ये मी नवं पुस्तक काढलं. मुखपृष्ठावर झाडावर बसलेली घार, सुंदर. कुणीच 'हे काय?' म्हणालं नाही. पुढच्या रांगेतल्या एकीनं हात वर केला : "मिस, ह्यात किती गोल करायचेत?"

मी पुस्तक मिटलं. खरंच मिटलं, आणि म्हटलं आज गोल नाहीत. तर दोघं रडायला लागली, घरी काय दाखवायचं म्हणून!

आता अर्धी तडजोड आहे. आठवड्यातून एकच वर्कशीट, तीही गोष्टीशी संबंध नसलेली. आणि गोष्टीच्या दिवशी ग्रुपवर मी फक्त एक प्रश्न टाकते : "आज घारीनं काय पाहिलं ते मुलांना विचारा." काही पालक विचारतात. एका बाबांनी लिहिलं, "कृपया उत्तर पण पाठवा."

जिल्हा परिषद शाळा, सांगली जिल्हा

छोटा अनुभव आहे. आमच्याकडे कारखाना सुरू झाला की बीडकडची ऊसतोडीची कुटुंबं येतात, मोठ्या भावंडांबरोबर लहानगीही वर्गात येऊन बसतात. एक चार-साडेचार वर्षांची मुलगी दीड महिना एक अक्षर बोलली नाही. चित्रांची पुस्तकं मात्र उलटीपालटी करायची. एकदा साध्या घराच्या चित्रावर थांबली. कौलं, खिडकी, दार. दारावर बोट ठेवून मला म्हणाली, "ह्याला कडी हाय."

त्यांच्या कोपीला, म्हणजे झोपडीला, पाचटाचं छप्पर आणि पुढे पोतं लावलेलं असतं.

मार्चमध्ये पट्टा पडला, म्हणजे तोडीचा हंगाम संपला, गेली. ते पुस्तक तिला द्यायला हवं होतं. सुचलं नाही.

एसटीतून निवृत्त वाहक, अकोला

मी शिक्षक नाही. नातीला सोडायला बालवाडीत जायचो, तर बाई म्हणाल्या, आजोबा, एक दिवस गोष्ट सांगा. मला गोष्टी येत नाहीत. बाईंनी एक पुस्तक हातात दिलं, त्यात एक अक्षर नाही! नुसती चित्रं. एक बस गावाहून निघते, बाजाराला जाते आणि संध्याकाळी परत येते. मी म्हटलं, हे तर माझं आयुष्यच आहे.

घरी जुना तिकिटांचा ट्रे आणि पंच जपून ठेवलेला आहे. दुसऱ्या दिवशी घेऊन गेलो. पोरांना दोन-दोनच्या ओळीत बसवलं. पान उलटायचं तेव्हा डबल बेल : टण टण. बघत थांबायचं तेव्हा सिंगल बेल. थोड्याच वेळात बेल पोरांनीच ताब्यात घेतली. कोणाला कोंबडी बघायची असली की सिंगल, गाडी उभी! एका पानावर आम्ही दहा मिनिटं उभे होतो, कारण टपावर बांधलेली बकरी कोणाची यावर भांडण होतं. माझ्या नोकरीत एवढी लेट गाडी कधी झाली नाही.

चूक माझी इथे झाली. मी सवयीनं म्हटलं, पाच वर्षांवरच्यांना अर्धं तिकीट, खालच्यांना फुकट. म्हणजे तिकीटच नाही. झालं, चार वर्षांची सगळी रडायला लागली. एक जण तर डोळे पुसत म्हणाला, "मले फुकट नाही जाचं." मग सगळ्यांना तिकीट फाडलं, पंच केलं. बाई सांगतात, काहींनी ते भोकाचं कागद आठवडाभर खिशात ठेवलं होतं.

आमची पहिली एसटी १ जून १९४८ ला पुणे-नगर धावली, हे पण सांगितलं त्यांना. कोणी ऐकलं नाही. बकरीचंच चाललं होतं.

बालवाडी, कुडाळ तालुका

आजोबा, नमस्कार! तुमच्या बेलवरून लिहावंसं वाटलं.

आमच्या जवळ पिंगुळी आहे, चित्रकथीचं गाव. ठाकर समाजातले कलाकार सुट्या चित्रांची पोथी घेऊन बसतात, एकेक चित्र उभं धरतात आणि रामायण-महाभारतातली कथा गात सांगतात, साथीला वीणा, टाळ, हुडूक. तिथल्या परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री जाहीर झाली तेव्हा आम्ही वर्ग घेऊन बघायला गेलो. मला वाटलं होतं, पोरं पाच मिनिटांत पळतील. पळाली नाहीत. मी पोरांपेक्षा सांगणाऱ्याच्या हातांकडे बघत होते. पुढचं चित्र यायच्या आधी तो हात किंचित थांबतो. तेवढ्यात माझ्या शेजारचा कुजबुजला, "बाई, आता तो खय जातलो?" पुस्तकात मी पान उलटून मोकळी होते. ही जागा मी कधी ठेवलीच नव्हती.

परत आल्यावर एका जुन्या फाटक्या पुस्तकाची पानं सुटी केली, पुठ्ठ्यावर चिकटवली आणि मांडीवर उभी धरून सांगायला लागले. फायदा हा की चौदा पोरं आणि एक लहानसं पुस्तक, त्यात "बाई, माका दिसणा नाय" हे संपलं. आणि गोष्ट मालवणीत सांगते. पुस्तकातली मराठी कशी गुळगुळीत, 'ससा आनंदाने उड्या मारू लागला.' आमचो ससो नुसतो नाचता. आधी मला संकोच वाटायचा, पालक म्हणतील बाई शुद्ध बोलत नाहीत. एक बाई म्हणाल्याही. पण बोलायला जी पोरं तोंड उघडत नव्हती ती ससा मालवणी झाल्यावर त्याच्या वतीनं बोलायला लागली.

अडचण एकच : चित्र पोरांकडे, मजकूर पण त्यांच्याच बाजूला. सगळं पाठ करावं लागतं. चित्रकथीवाल्यांना ते पिढ्यान्‌पिढ्या येतं, मला नाही येत.

आई, योकोहामा

कुडाळच्या ताई, तुमच्या अडचणीवर इथे जपानमध्ये मस्त तोड आहे! मुलाच्या होइकुएनमध्ये, म्हणजे पाळणाघर-कम-बालवाडीत, कामिशिबाई असते. कागदी नाटक. पुठ्ठ्याची चित्रं एका लाकडी चौकटीत, तिला नाटकासारखी उघडणारी दारं. मजकूर पाठीमागे, पण गंमत अशी की पहिल्या चित्राचा मजकूर शेवटच्या चित्राच्या पाठीवर असतो. पहिलं चित्र पुढे दिसत असतं तेव्हा गठ्ठ्याचं सगळ्यात मागचं पान तुमच्या तोंडासमोर असतं ना! मग ते पहिलं चित्र ओढून काढलं की मागे जातं, आणि त्याच्या पाठीवर दुसऱ्या चित्राचा मजकूर. करून बघा, कागदाच्या चार चिठ्ठ्यांवर लगेच कळेल.

मलाही एकदा बोलावलं होतं. भीत भीत मराठी पुस्तक नेलं, प्राण्यांचं. जपानी एवढी येत नाही, म्हणून मराठीतच वाचलं. मांजराच्या पानावर मी म्हटलं "म्याँव". सगळी खो खो हसली. त्यांचं मांजर 'न्यान न्यान' करतं. कुत्रा 'वान वान'. कोंबड्यावर तर दंगाच, ते ओरडतायत 'कोकेकोक्को', मी 'कुकूचकू'. माझा मुलगा, जो बाहेर माझ्याशी मराठीत बोलायला लाजायचा, तो उभा राहून सगळ्यांना शिकवायला लागला, कुत्रा 'भू भू' म्हणतो म्हणून. आता घरी येणारे त्याचे मित्र मला 'कुकूचकू' म्हणतात. आँटीपेक्षा बरं.

प्राथमिक शिक्षक, लातूर जिल्हा

पुस्तकं आणायची कुठून हे कोणीच लिहिलं नाही म्हणून लिहितो. नॅशनल बुक ट्रस्टची मराठी चित्रपुस्तकं अजून परवडतात. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर मराठी गोष्टी फुकट उतरवता येतात. अरविंद गुप्ता यांच्या संकेतस्थळावर तर खजिनाच आहे. पण काळ्या-पांढऱ्या झेरॉक्सवर जाऊ नका. मी गेलो. लाल छत्री आणि निळी छत्री यावरच गोष्ट होती.

बाकी, जुन्या लग्नपत्रिका गोळा करा. कागद जाड, मागची बाजू कोरी. आम्ही पोरांकडून 'माझ्या घरात काय काय' अशी पुस्तकं करून घेतली. बिस्किटाचा पुडा, काडेपेटी, साबणाचं वेष्टन चिकटवायचं, खाली सांगेल ते मी लिहायचं. एकानं तंबाखूची पुडी चिकटवली आणि सांगितलं, "आज्ज्याची हाय, तुमी बोलू नका त्यास्नी." लिहिलं तसंच्या तसं.

बालवाडी, कुडाळ तालुका

योकोहामाच्या ताई, चिठ्ठ्या करून बघितल्या. दोनदा चुकले, तिसऱ्यांदा जमलं! रविवारी मजकूर लिहून पाठीमागे लावते. लातूरच्या सरांचा पत्रिकेचा कागद वापरीन म्हणते.

जे कोणी करणार असतील त्यांना एक सांगते, चित्रांना लॅमिनेशन करू नका. मी चारशे रुपये घालवले. खिडकीतलं ऊन नेमकं त्याच्यावर पडतं आणि मागच्या पोरांना ससा दिसतच नाही, नुसता आरसा.

एसटीतून निवृत्त वाहक, अकोला

बाई, तुम्ही जागा बदलून बसा. ड्रायव्हरच्या पाठीमागे ऊन लागत नाही.